पहिल्या धारेचं गुलाबपाणी

सारांशरावांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकालाच माहीत होतं. कचेरीत साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना सारांशरावच म्हणत, आणि त्यांनाही त्यात भूषण वाटे. काम तसंच होतं. जाडजूड अहवाल यायचे, ते वाचायला संचालकांना वेळ नसायचा, आणि ज्यांना वेळ असायचा त्यांना कोणी अहवाल पाठवत नसे. म्हणून मध्ये सारांशराव. आलेला अहवाल ते आधी हातात घेऊन जोखत आणि न उघडताच सांगत, "यात फार तर पाऊण पान आहे." आणि दुपारच्या चहाआधी पाऊण पान साहेबांच्या टेबलावर जाई.

घरी मात्र उलटा कारभार. बस का चुकली हे सांगायला बसले की तेवढ्यात पुढच्या दोन बसही चुकाव्यात. कारण बस चुकण्याचं मूळ छत्रीत असे, छत्रीचं मूळ शिपायाच्या विसरभोळेपणात, आणि शिपायाच्या विसरभोळेपणावर तर सारांशरावांचा स्वतंत्र अभ्यास होता. बायको शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे लांबचे पल्ले गाठायची तिला सवय होती. पण तीही अधूनमधून म्हणे, "अहो, सारांश सांगा." याचा त्यांना मनापासून राग येई.

या घरात सासरे राहायला आले होते. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या घराला रंग काढायचा म्हणून ते चार दिवसांसाठी आले, तो रंग वाळला, जुना झाला, पुन्हा पोपडे धरू लागला, तरी मास्तर होतेच. त्यांचा त्रास म्हणाल तर काही नाही. फक्त एक खोड होती. मुलांच्या प्रयोगवह्या तपासून तपासून त्यांच्याकडे शेरे दोनच उरले होते: 'जमलं' आणि 'जमलं नाही'. चहा, भाजी, हवामान, कोणाचं लग्न, सगळ्याला या दोहोंपैकी एक शेरा मिळे. लेकीला रोज दोनतीनदा 'जमलं' मिळायचं. समोरच्या दारातल्या फ्रीजवाल्यांना पंखा दुरुस्त केल्याबद्दल मिळालं होतं. दूधवाल्याला तर मोड परत दिल्याबद्दलसुद्धा मिळालं. जावयाला मात्र लग्न झाल्यापासून एकदाही नाही. सारांशराव वरवर म्हणत, "मला कुठं परीक्षेला बसायचंय?" पण आत ते कायम परीक्षेलाच बसलेले असत, आणि सासऱ्यांच्या तोंडून एकदा तो शब्द ऐकावा यापलीकडे त्यांना आयुष्यात फारसं काही नको होतं.

एकदा संध्याकाळी सारांशरावांनी ग्रंथालयाचा अहवाल आणि त्याचा आपला सारांश, दोन्ही घरी आणून टेबलावर ठेवले. उगाच ठेवले नव्हते. सारांश झकास उतरला होता, अवघी एक ओळ, आणि ती मास्तरांच्या नजरेस पडावी अशी व्यवस्था होती. मास्तरांनी चष्मा पुसला, अहवाल अथपासून इतिपर्यंत वाचला, मग ती ओळ वाचली.

"अहवाल काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"ग्रंथालयाची वास्तू, तिची पूर्वपीठिका, एकंदर स्थिती..."

"छप्पर गळतंय म्हणतो. पुस्तकं भिजतायत म्हणतो. आणि तुम्ही लिहिलंय, 'ग्रंथालयाच्या वास्तूबाबत यथोचित विचार व्हावा.' यात छप्पर कुठं आहे?"

"ते 'वास्तू'त आलं."

"आणि गळती?"

"ती 'यथोचित'मध्ये आली."

"जमलं नाही," मास्तर म्हणाले. एरवी ते इथेच थांबत, पण त्या दिवशी त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. "तुम्ही मजकूर आटवता. आटवलं की जे जायला नको तेच उडून जातं आणि तळाला खरवड राहते. ती तुम्ही साहेबांना वाढता. अर्क काढणं निराळं. तिथं जे उडतं तेच पकडायचं असतं. ते तुमचं काम नाही."

शेवटचं वाक्य सारांशरावांच्या जिव्हारी लागलं. मनात शंभर उत्तरं उसळली आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "अर्क काढून दाखवतो! याच स्वयंपाकघरात! गुलाबाचा!" गुलाबाचाच का, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. समोरच्या कॅलेंडरवर गुलाबाचं चित्र होतं, एवढंच.

"माझ्या कुकरला हात लावायचा नाही," बायको आतून म्हणाली. म्हणजे कुकर लागणार हे तिला त्यांच्याआधी कळलं होतं.

दुसरा कोणी असता तर त्यानं गुपचूप शेगडी पेटवली असती. पण कचेरीतल्या माणसाला अर्ज दिल्याशिवाय काही सुरू झाल्यासारखं वाटत नाही. सारांशरावांनी इमारतीच्या सेक्रेटरींना रीतसर अर्ज दिला: 'राहत्या जागेत ऊर्ध्वपातन करण्यास परवानगी मिळणेबाबत'. सेक्रेटरी बरोबर त्यांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहत. अर्ज वाचून ते तसेच घरातल्या कपड्यांवर खाली आले.

"पातन म्हणजे पाडकाम ना?"

"पातन म्हणजे पाडणे, बरोबर."

"आणि ऊर्ध्व म्हणजे वर?"

"अर्थात."

"वर मी राहतो!" सेक्रेटरी ओरडले. "माझं घर पाडायला तुम्ही माझ्याचकडे परवानगी मागता?"

त्यांना शांत करायला दोन कप चहा लागला. सारांशरावांनी पाण्याच्या वाफेपासून सुरुवात केली, मध्ये ढग कसे बनतात ते सांगितलं, आणि शेवटी एकदाचं म्हणाले, "थोडक्यात काय, कुकरमध्ये उकळायचं, नळीतून वाफ न्यायची, ती गार करायची आणि थेंब थेंब बाटलीत धरायचा." हे ऐकल्यावर सेक्रेटरींचा चेहरा बदलला. त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "अहो, मग अर्ज कशाला दिलात? असली कामं कोणी अर्ज देऊन करतं का?" आणि अर्जाची घडी करून खिशात घालून निघून गेले. परवानगी मिळाली, असा सारांशरावांनी याचा सारांश काढला.

बातमी जिन्यातून पसरली तसे सल्ले येऊ लागले. तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्या साबुदाण्याएवढ्या असत. त्यांनी सांगितलं, "एकच पाकळी घ्या आणि भरपूर पाणी. जितकं पातळ तितकं जालीम." फ्रीजवाल्यांचं म्हणणं, गार करायचं काम आपल्यावर सोडा, जन्म त्यात गेलाय. त्यांनी एका जुन्या फ्रीजच्या पाठीतली तांब्याची वेटोळी नळी काढून आणून दिली. आत थोडं तेल असेल म्हणाले, पण ते वाफेबरोबर निघून जाईल. कुठं निघून जाईल हे विचारायचं राहिलं. फुलवाल्यानं शिळ्या गुच्छांच्या पाकळ्या पिशवीभर दिल्या, आणि या माणसाला नुसत्या पाकळ्या कशाला हव्यात या विचारानं तो बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. बाटली घरातलीच होती. तीत पूर्वी खोकल्याचं औषध असायचं.

रविवारी सकाळी नाश्ता उरकून बायकोनं कुकर दिला, म्हणजे सारांशरावांनी तो घेतला आणि तिनं ओढून घेतला नाही. आदल्या संध्याकाळी त्यात बटाटे उकडले होते. पाकळ्या आणि पाणी घालून, शिटीच्या जागी नळी खोचून, भोवतीच्या फटी भिजवलेल्या कणकेनं लिंपल्या. नळीचं वेटोळं बेसिनमधल्या बादलीत ठेवलं आणि पाणी सतत गार राहावं म्हणून वरून नळ सोडून दिला. नळीचं टोक बाटलीत. मास्तर दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र घेऊन बसले. पण पान काही उलटत नव्हते.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग नळीच्या टोकाशी एक थेंब जमला, थरथरला आणि बाटलीत पडला.

"पडला!" सारांशराव ओरडले. वरच्या मजल्यावर खिडकी उघडल्याचा आवाज आला.

नेमका तेव्हाच बायकोच्या बहिणीचा फोन आला. बायकोला कधी नव्हे तो नवऱ्याचा अभिमान वाटत होता, आणि अभिमान वाटला की तिचा आवाज वर्गात शिकवतानासारखा चढे. "अगं, सकाळपासून हेच चाललंय! पण आज यांची भट्टी चांगली जमलेली दिसतेय. हो, हो, तांब्याची नळी लावलीय. पहिल्या धारेचं तुलाच ठेवते हं!" स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. वर सेक्रेटरी दाढीला साबण लावून, हे सगळं ऐकत खिडकीत उभे होते. त्यांनी वस्तरा बेसिनजवळ ठेवला आणि नळ सोडला. नळानं एक सुस्कारा टाकला आणि तो गप्प झाला.

खालच्या घरात बेसिनचा नळही त्याच क्षणी थांबला. सकाळपासून धो धो सोडलेल्या त्या एका नळानं सबंध इमारतीची टाकी रिकामी केली होती. आता बादलीतलं पाणी तापलं, नळी तापली, वाफेला गार व्हायला जागा राहिली नाही, त्यात पाकळ्यांनी नळीचं तोंड बुजवलं. मास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, "गॅस बंद करा." सारांशराव वळून म्हणाले, "त्याचं असं आहे..." आणि ते कसं आहे हे सांगेपर्यंत कणकेचा बोळा ठप्पकन छताला जाऊन चिकटला. त्यामागून पाकळ्या गेल्या. उकडलेली गुलाबाची पाकळी छताला फार चांगली चिकटते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

लोक जमले. कोणाच्या डोक्याला शाम्पू होता, कोणाच्या हातात निम्मी घासलेली भांडी. सेक्रेटरींचा एक गाल गुळगुळीत आणि दुसरा फेसाळ होता. "आधी माझं घर पाडायला निघाले," ते म्हणाले, "आता टाकी संपवली, आणि तीसुद्धा कशापायी? भट्टीपायी! मी डोळेझाक केली असती, अहो, पण माझी दाढी अर्धी राहिली!" बायकोनं सांगितलं की भट्टी जमणं ही बोलायची पद्धत आहे. सेक्रेटरी म्हणाले, "आणि पहिली धार? तीही बोलायची पद्धत?" दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींनी उत्पादन शुल्क खात्यात तक्रार दिली आणि पुरावा म्हणून सारांशरावांचा अर्ज जोडला.

पुढचा आठवडाभर सारांशराव जिन्यातून मान खाली घालून गेले. डॉक्टर मात्र भेटले की हळूच विचारत, "काही उरलंय का?"

पुढच्या रविवारी निरीक्षक आले. थकलेला, सर्दीनं बेजार झालेला माणूस, हातात रुमाल आणि बगलेत फाइल. पंच म्हणून त्यांनी सेक्रेटरींना आणि फ्रीजवाल्यांना बोलावलं. बाटलीच्या तळाशी जो काही ऐवज जमला होता तो पाहून ते म्हणाले, "मला वास येत नाही. एकेकानं घ्या आणि सांगा."

सेक्रेटरींनी बाटली नाकाशी नेली. "दारू. शंभर टक्के."

फ्रीजवाले म्हणाले, "कॉम्प्रेसरचं तेल."

"बटाटे," बायको म्हणाली.

मास्तरांनी डोळे मिटून वास घेतला. "खोकल्याचं औषध."

"गुलाबाचा वास कोणालाच येत नाही?" सारांशरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात जे काही होतं ते ऐकून फ्रीजवाल्यांनी पुन्हा एकदा वास घेतला आणि भीतभीत म्हणाले, "तेलाच्या मागं काहीतरी आहे बघा."

निरीक्षकांनी दारूचं प्रमाण मोजायचं काचेचं मापक काढून बाटलीत बुडवलं, वाचलं आणि पुसून ठेवलं. दारू नव्हती. सारांशरावांचा जीव भांड्यात पडला. पण निरीक्षकांनी फाइल मिटली नाही.

"दारू नाही, ते ठीक. पण साधन सापडलंय. नळी आहे, कुकर आहे. या साधनानं ऊर्ध्वपातन होत असेल तर ते विनापरवाना बाळगणं हाच गुन्हा. मग जप्ती, कचेरीला पत्र, सगळं आलं. होत नसेल तर ती नुसती भांडी. तेव्हा चालू करून दाखवा."

टाकी भरली आहे याची सेक्रेटरींनी आधी जातीनं खात्री केली. पुन्हा पाकळ्या, पुन्हा कणीक. या वेळी नळ बारीक सोडला होता. आणि आता सारांशरावांची पंचाईत लक्षात घ्या. थेंब पडले तर गुन्हेगार, कचेरीत तोंड दाखवायला जागा नाही. नाही पडले तर पंचांसमक्ष, सरकारी माणसासमक्ष आणि मुख्य म्हणजे मास्तरांसमक्ष नापास. कोणत्याही शहाण्या माणसानं थेंब पडू नये म्हणून देव पाण्यात घातले असते. सारांशराव मात्र नळीच्या टोकाकडे बघत, ओठ न हलवता म्हणत होते, पड, पड, पड.

वाफ निघाली. ती कणकेच्या भेगांतून निघाली, झाकणाच्या कडेनं निघाली, निरीक्षकांच्या चष्म्यावर बसली. नळीच्या टोकाला एक थेंब लटकला. सगळे वाकले. थेंब तिथंच लटकून राहिला, आणि मग नळीतून जरा मागे सरकून आत गेला.

"हे ऊर्ध्वपातन म्हणायचं का?" निरीक्षकांनी विचारलं. "इथं कोणी जाणकार आहे?"

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या. मास्तर खुर्चीतून उठले. त्यांनी कुकर पाहिला, नळी पाहिली, छताला अजून चिकटलेल्या पाकळ्यांकडे पाहिलं, आणि जावयाकडे पाहिलं. एका शेऱ्यानं ते त्यांना वाचवू शकत होते, आणि तो शेरा कोणता हे दोघांनाही ठाऊक होतं. मास्तरांना तो उच्चारायला नेहमी क्षणही लागत नसे. आज त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"ते मी कसं सांगू?" ते शेवटी म्हणाले. "प्रयोग त्यांचा आहे. त्यांनाच विचारा."

"बरं, मग लेखी द्या," निरीक्षक नाक शिंकरत म्हणाले.

लेखी म्हटल्यावर सारांशरावांना धीर आला. हा त्यांचा प्रांत होता. त्यांनी कागद घेतले आणि लिहायला बसले. प्रयोगाची पार्श्वभूमी, गुलाबाची निवड, कणकेची प्रत, टाकीची क्षमता, वाक्प्रचारांमुळे होणारे गैरसमज, सगळं आलं. निरीक्षकांनी तो गठ्ठा हातात घेऊन जोखला. "माझ्या रकान्यात एकच ओळ मावते. सारांश द्या."

सारांशरावांनी क्षणभर विचार केला आणि झरझर लिहिलं: 'सदर प्रयोगाच्या फलनिष्पत्तीबाबत यथोचित विचार व्हावा.'

"म्हणजे झालं की नाही झालं?" निरीक्षकांनी विचारलं.

"म्हणजे अंशतः, एका अर्थी..."

"अहो साहेब, मला ताप आहे. यात काय झालं ते कुठं लिहिलंय?"

सारांशरावांनी ती ओळ पुन्हा वाचली. खरंच कुठं नव्हतं. त्यांनी ती खोडली. दुसरी लिहिली, तीत नळीचा दोष आला, तीही खोडली. तिसरीत बटाटे आले. पेन हातात धरून ते बसून राहिले, आणि त्यांच्या मनात आलं की आपण प्रत्येक ओळीत एवढा आटापिटा करतोय तो फक्त एक गोष्ट कागदावर येऊ नये म्हणून. मास्तर समोर उभे होते. बायको ओट्याला टेकून बघत होती. सारांशरावांनी खाली मान घातली, लिहिलं, आणि कागद पुढे सरकवला.

'मला जमलं नाही.'

निरीक्षकांनी वाचलं, रकान्यात उतरवून घेतलं, सही घेतली. "सुटलात," म्हणाले आणि शिंकले. सेक्रेटरी टाकी बघायला गेले. फ्रीजवाले नळी गार व्हायची वाट बघू लागले. ओट्यावर राहिलेला तो कागद मास्तरांनी उचलला, चष्मा वर सरकवला आणि सारांशरावांच्या हस्ताक्षरातले तेवढे तीन शब्द एखादा अख्खा अहवाल वाचावा तसे सावकाश वाचले.

"हे जमलं," मास्तर म्हणाले.

सारांशरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नापासून साठवलेलं कितीतरी बोलणं एकदम ओठांवर आलं. "बाबा, त्याचं असं आहे..." त्यांनी सुरुवात केली.

"आता वाढवू नका," मास्तर म्हणाले.

सारांशरावांनी तोंड मिटलं, स्टुलावर चढले आणि छतावरच्या पाकळ्या काढू लागले.